शब्दावरची सुटका : पॅरोलचे नियम आणि त्यांतील सुधारणा

आपल्या संस्थेच्या ह्या महोत्सवी अंकात शिष्यवृत्त्या, रुग्णसाहाय्य, वसतिगृह अशा विषयांवरील लेख असावेत हे साहजिकच आहे. त्यांच्या पंक्तीस तुरुंगाचा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आपले बडोद्याचे मध्यवर्ती कारागृह गावाबाहेर कोठे दूर नाही, ते शहराच्या वस्तीतच आहे; आणि आत असलेल्या माणसाचे कुटुंब तर आपल्यासारख्यांच्याच आळीत राहते. त्या घरची वृद्ध आई मदतीच्या अर्जात 'मुलगा परगावी असतो' असे लिहिते आणि शेजारीपाजारीही त्यापुढे काही विचारीत नाहीत. अशा घरास पुढे एका गोष्टीची गरज पडते. मुलाची रजा मंजूर व्हावयाची तर जामीन कोण राहणार? हा प्रश्न घेऊन माणसे देवळाच्या पंचांकडे, ज्ञातीच्या मंडळाकडे, धर्मादाय संस्थेच्या चिटणीसांकडे येतात. म्हणून पॅरोल म्हणजे काय, त्याचा निर्णय कोणत्या नियमांनी होतो, त्या नियमांत काय बदलले आणि काय बदलावयाचे राहिले, हे सभासदांस ठाऊक असणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ, कारण वर्तमानपत्रेही त्यांची सरमिसळ करतात. 'पॅरोल' हा मुळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ 'शब्द', दिलेले वचन. युद्धकैदी परत येण्याचे वचन देऊन मोकळे होत, त्यावरून तो तुरुंगाच्या भाषेत आला. महाराष्ट्राच्या कारागृह खात्याने त्यास 'अभिवचन रजा' असे नाव दिले आहे. घरात कोणी अत्यवस्थ असणे, कोणाचा मृत्यू होणे, अशा काही कारणासाठी ती मिळते. दुसरी रजा 'फर्लो', म्हणजे 'संचित रजा'. हिला कारण लागत नाही. ठराविक काळ तुरुंगात नीट वर्तनाने काढला की कैद्याने घरच्यांत जाऊन यावे, संसाराशी त्याचा धागा अगदी तुटू नये, हा तिचा हेतू. 'संचित' हा शब्द आपण कीर्तनात ऐकलेला. येथे तो सरकारी कागदावर आला आहे आणि तो बसलाही चपखल.

ह्या दोन रजांत एक भेद आहे, तो घरच्यांस बहुधा ठाऊक नसतो. मुंबई राज्याच्या नियमांप्रमाणे संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. आईच्या दुखण्यासाठी तीस दिवस घरी राहिलेल्या माणसास ते तीस दिवस पुढे तुरुंगात भरून द्यावे लागतात.

तिसरी गोष्ट 'माफी'. चांगले वर्तन व काम यांबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस ते माफीचे दिवस. आणि सरकारने उरलेली शिक्षाच माफ केली तर ती 'मुदतपूर्व सुटका'. हिच्यानंतर परत जावयाचे नसते. राष्ट्रपती व राज्यपाल यांचा दयेचा अधिकार संविधानाच्या ७२ व १६१ ह्या अनुच्छेदांतला, तो ह्याहून निराळा. त्यात आम्ही शिरत नाही.

वचनावर माणूस सोडणे हे स्वप्नाळूपणाचे आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा विचार करावा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश गृहस्थांच्या सूचनेवरून १९३९ च्या सुमारास तेथे भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत वसविली. खुनाच्या गुन्ह्यातील माणसे तेथे शेती करीत, बायकामुलांसह राहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचला. चित्रपट सर्वांनी पाहिला. वसाहत मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

आता एक गैरसमज दूर करणे भाग आहे. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' असे आपल्याकडे शहाणीसुरती माणसेही सांगतात. 'तुरुंगात दिवस आणि रात्र निराळे मोजतात' असेही कोणी छातीठोकपणे सांगतो. दोन्ही खोटे. गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले की, जन्मठेप म्हणजे उरलेल्या आयुष्याची कैद, आणि माफीचे दिवस कितीही साठले तरी सरकारने आदेश काढल्यावाचून सुटका होत नाही. चौदाचा आकडा आला तो १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या ४३३-अ ह्या कलमातून. ज्या गुन्ह्यास फाशीची शिक्षाही होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्यास चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्यावाचून मुदतपूर्व सोडता येत नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे चौदा वर्षे ही कमीत कमी मर्यादा आहे. ती भरली की दार आपोआप उघडते असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तीत हेच कलम ४७५ क्रमांकाने आले आहे. १९८० च्या मारूराम खटल्यात न्यायालयाने हे कलम वैध ठरविले, आणि त्याच निकालात हेही सांगितले की, चौदा वर्षांच्या आत पॅरोल देण्यास त्याची आडकाठी नाही. ह्या दुसऱ्या वाक्याचा फारसा बोभाटा झाला नाही.

आता मूळ नियमांकडे येऊ. तुरुंग हा विषय संविधानाने राज्यांकडे दिला आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आपल्या बाबतीत गंमत अशी की, बडोद्याच्या व नागपूरच्या तुरुंगातील रजेचा उगम एकच आहे. १९५९ साली, द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात असताना, १८९४ च्या तुरुंग अधिनियमाखाली 'मुंबई फर्लो व पॅरोल नियम' झाले. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले, पण नियम दोन्हीकडे राहिले. महाराष्ट्राने त्यांत पुढे २०१६ व २०१८ साली बऱ्याच दुरुस्त्या केल्या. गुजरातेत ते जुन्याच नावाने चालत आले, आणि २०२१ साली गुजरातेतील एका कैद्याच्या रजेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा ह्याच नियमांचा कीस काढला गेला. बेळगाव १९५६ सालीच म्हैसूर राज्यात गेले होते, म्हणून तेथील मंडळींस हे नियम लागले नाहीत. हिंडलग्याच्या तुरुंगातील माणसास कर्नाटकाचे नियम, कोल्हापूरच्या कळंब्यातील माणसास महाराष्ट्राचे. मध्ये अंतर दोन-अडीच तासांचे.

ह्या १९५९ च्या नियमांचा स्वभाव समजण्यास त्यांतील तीन नियम पुरेत. सतरावा नियम म्हणतो की, ह्या नियमांमुळे संचित रजा मागण्याचा कोणताही कायदेशीर हक्क कैद्यास मिळत नाही. चौथा नियम रजा कोणास द्यावयाची नाही ते सांगतो. त्यात दरोड्याच्या गुन्ह्यातील कैदी आहेत, सराईत गुन्हेगार आहेत. शिवाय सार्वजनिक शांततेच्या कारणास्तव पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ज्यांची शिफारस करीत नाहीत, तेही आहेत. सहावा नियम असा की, रजेच्या काळात ठेवून घेण्यास राजी असलेला आणि जामीनकतबा लिहून देण्यास तयार असलेला नातेवाईक असल्यावाचून रजा देऊ नये.

तिन्ही नियम स्वतंत्रपणे वाचले तर गैर वाटत नाहीत. सरकारने हात अगदीच बांधून का घ्यावेत? शांतता राखणे हे पोलिसांचे कामच आहे. जामीन घेण्यातही चूक नाही. पण तिन्ही एकत्र आले की काय होते ते पाहावे. समजा, एखाद्या गावी शेताच्या बांधावरून भांडण होऊन खून झाला. आरोपीस जन्मठेप झाली. आठ वर्षे त्याने एकही तक्रार येऊ न देता काढली आणि रजेचा अर्ज केला. अर्ज तुरुंगातून खात्याकडे, तेथून गावच्या पोलीस ठाण्याकडे जातो. ठाण्यातून अभिप्राय येतो : 'फिर्यादी त्याच गावी राहतो, शांतताभंगाचा संभव आहे.' हे वाक्य कोणत्याही खुनाच्या खटल्यात लिहिता येते, कारण फिर्यादी बहुधा त्याच गावचा असतो. लिहिणारास त्यासाठी गावी जावे लागत नाही. वरच्या कचेरीत त्याच वाक्याची नक्कल होऊन अर्ज नामंजूर होतो. नुसत्या भीतीच्या उल्लेखावर रजा नाकारू नये, त्या भीतीस आधार हवा, असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. तथापि उच्च न्यायालयापर्यंत जाणारा कैदी शंभरांत किती? उरलेल्यांस रजेच्या नकाराचे कारण कळले तरी पुष्कळ.

आणि ज्याच्या पोलीस अभिप्रायात काही वावगे नाही, पण आई वारली आहे, भाऊ दार उघडावयास तयार नाही, बायको माहेरी निघून गेली आहे, त्याचे काय? सहावा नियम त्याला आत ठेवतो. दोष त्याच्या वर्तनाचा नसतो. घर तुटले आहे म्हणून त्यास घरी जाता येत नाही, आणि घर तुटू नये म्हणून तर रजा दिलेली!

मुदतपूर्व सुटकेच्या बाबतीत अशाच तऱ्हेचे नियम गेल्या पंचवीस वर्षांत न्यायालयांनी एकेक करून तपासले. त्या निकालांतून सुधारणेची दिशा दिसते, म्हणून त्यांचा थोडा विस्तार करतो. २००० सालच्या लक्ष्मण नस्कर खटल्यात न्यायालयाने पाहावयाच्या गोष्टी सांगितल्या. गुन्हा व्यक्तीपुरता होता की समाजास हादरविणारा होता. तो पुन्हा घडण्याचा संभव आहे का. कैद्याची गुन्हा करण्याची शक्ती सरली आहे का. त्यास आणखी डांबून ठेवण्यात काही अर्थ उरला आहे का. आणि त्याच्या कुटुंबाची स्थिती कशी आहे. वाचकांच्या लक्षात येईल की, ह्या पाचांपैकी पहिला प्रश्न मागच्या काळाचा आहे, तो कधीच बदलत नाही. उरलेले चार आजच्या माणसाविषयी आहेत. नामंजुरीचे आदेश मात्र बहुधा पहिल्या प्रश्नापाशीच थांबतात.

२०१० साली जगदीश खटल्यात ठरले की, शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होते ते कैद्यास लागावे, आणि नंतरचे धोरण अधिक उदार असेल तर तेही त्यास मिळावे. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तेथील न्यायाधीशांचे मत सरकार मागविते. ते मत एका ओळीचे असून चालणार नाही, कारणांसह हवे, हे २०२२ च्या एका निकालाने सांगितले. २०२३ साली केरळातील एका जन्मठेपेच्या कैद्याचे प्रकरण आले. त्याने २६ वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष तुरुंगात काढला होता. सल्लागार मंडळाने त्याची शिफारस केली होती. पण पुढे झालेल्या सरकारी धोरणात स्त्रियांच्या खुनातील कैदी सरसकट वगळले होते. गुन्ह्याच्या एका शिक्क्यावरून माणसांचा अख्खा वर्ग वगळणे आणि इतक्या वर्षांत तो माणूस काय झाला हे पाहण्याचेच नाकारणे न्यायालयास मान्य झाले नाही. त्यांनी त्याची सुटका केली.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल १८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालाने झाला. तोवर समजूत अशी होती की, सुटका हवी तर कैद्याने अर्ज करावा. ज्यास लिहितावाचता येते, ज्याचा वकील आहे, ज्याच्या घरचे कचेरीत खेटे घालतात, त्याचा अर्ज पुढे सरके. बाकीचे वर्षानुवर्षे पात्र असूनही तसेच बसून राहत. उत्तर प्रदेशातील ५०० हून अधिक कैद्यांचे प्रकरण २०२२ साली न्यायालयापुढे आले, तेव्हाच ही गोष्ट उघडी पडली होती. २०२५ च्या निकालात न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांनी सांगितले की, जेथे धोरण आहे तेथे कैदी पात्र होताच सरकारने स्वतः होऊन त्याचा विचार केला पाहिजे, अर्जाची वाट पाहावयाची नाही. ज्या राज्यांत धोरणच नाही त्यांनी ते दोन महिन्यांत करावे. निर्णयाची कारणे लिहावीत, ती कैद्यास ताबडतोब कळवावीत, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास द्यावी, आणि नकार असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते हेही कैद्यास सांगावे. एकदा दिलेली माफी नोटीस दिल्यावाचून व म्हणणे ऐकल्यावाचून काढून घेता येणार नाही.

ह्याआधी चारच महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गुजरातेतील एका कैद्याच्या सुटकेस घातलेली अट न्यायालयाने रद्द केली होती. अट अशी की, सुटल्यावर त्याने दोन वर्षे 'सभ्यतेने' वागावे. सभ्यता कोणी ठरवावयाची? हवालदाराने की शेजाऱ्याने? न्यायालयाने म्हटले की, अशी मोघम अट म्हणजे कोणत्याही क्षणी त्यास परत आत टाकण्याची मुभा होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, आम्ही कैद्यांचीच वकिली चालविली आहे. ज्यांचा माणूस गेला त्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच गुजरातेतील एका प्रकरणात आहे. २००२ च्या दंगलीत दाहोद जिल्ह्यात बिल्किस बानो ह्या स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला व तिच्या कुटुंबातील माणसे मारली गेली. निष्पक्षपणासाठी खटला मुंबईस चालविण्यात आला. २००८ साली ११ जणांस जन्मठेप झाली. १९९२ च्या जुन्या धोरणाचा आधार घेऊन गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सर्व अकरांना सोडले. मुंबईच्या न्यायाधीशांचे मत प्रतिकूल होते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली : शिक्षा महाराष्ट्रात झालेली असल्याने निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नव्हे. त्याच महिन्यात ते अकराही जण पुन्हा तुरुंगात हजर झाले.

येथे कोणी असा निष्कर्ष काढील की, नियम कडक करावेत म्हणजे झाले. आम्हांस तसे वाटत नाही. नियम सैल होते म्हणून हे घडले नाही. अधिकार कोणाचा हे पाहिले गेले नाही, प्रतिकूल मत बाजूस सारले गेले, आणि जिच्यावर अन्याय झाला त्या बाईस कोणी विचारले नाही. बांधावरच्या भांडणातील कैद्याचा अर्ज ज्या रीतीने एका ओळीत नामंजूर होतो, त्याच रीतीने, कारणांची छाननी न होता, हे अकरा जण मंजूर झाले. कारणे लिहिण्याची व दाखविण्याची सक्ती असेल तर दोन्ही गोष्टी अवघड होतात. फिर्यादी पक्षास निर्णयाआधी कळविले जावे व त्याचे म्हणणे नोंदले जावे, हेही आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणतो. पोलिसांच्या छापील वाक्यापेक्षा फिर्यादीचे स्वतःचे म्हणणे अधिक खरे असेल. कधी ते आपल्या कल्पनेहून सौम्यही असेल.

राहता राहिला रजेचा प्रश्न. २०२५ चा निकाल मुदतपूर्व सुटकेविषयी आहे. रजेच्या अर्जांस तो सरळ लागत नाही. रजा ही लहान गोष्ट म्हणून तिच्या नियमांकडे दुर्लक्ष होते. पण पुढे सुटकेचा विचार होतो तेव्हा 'रजेवर गेला असता वेळेवर परत आला का' हे प्रथम पाहतात. ज्यास कधी रजाच मिळाली नाही, त्याने शब्द पाळला हे तो कशावरून दाखविणार? म्हणून सुधारणा खालून, रजेच्या नियमांपासून व्हावयास हवी. पोलीस अभिप्रायास मुदत असावी, आणि ती उलटली तर अर्ज अडू नये. शांतताभंगाची भीती दाखविली तर ती कशावरून, हे लिहिणे सक्तीचे असावे. त्याच गावी जाण्यात खरोखर धोका असेल तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या पत्त्यावर रजा देता यावी. २०२३ साली केंद्राने राज्यांसाठी आदर्श कारागृह अधिनियमाचा मसुदा पाठविला, त्यात रजेवरील कैद्यास त्याच्या संमतीने मागोवा घेणारे विद्युत् यंत्र लावण्याची सोय सुचविली आहे. यंत्राविषयी आमचे मत अजून पक्के झालेले नाही. पायात पट्टा घालून लेकीच्या लग्नात वावरणे कसे वाटेल, हे ज्यांस घालावयाचे त्यांस विचारावे.

सहाव्या नियमाचे मात्र काही तरी झालेच पाहिजे, आणि येथे आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या बांधवांकडून शिकण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात १९५४ सालचा 'कैद्यांची परिवीक्षेवर सुटका' हा कायदा आहे. त्याप्रमाणे चांगल्या वर्तनाच्या कैद्यास परवान्यावर सोडता येते, आणि त्यास ताब्यात घेणारा नातेवाईकच असावा असे नाही. सरकारी अधिकारी, एखादी व्यक्ती किंवा तयार असलेली संस्थाही चालते. सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणारांस हे सुचले होते की, काही माणसांस घर उरलेले नसते.

आपल्याकडे यासाठी कायदा बदलावा लागत नाही. १९५९ चे नियम सरकारने केलेले आहेत आणि सरकारच बदलू शकते. 'नातेवाईक' ह्या शब्दापुढे 'अथवा नोंदलेली धर्मादाय संस्था' एवढे चार शब्द घालावयाचे. ते घातले गेले तर मग आपल्यासारख्यांपुढे प्रश्न येईल. कैदी परत न आल्यास कतब्याची रक्कम संस्थेस भरावी लागेल, आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांस संस्थेच्या उद्देशांबाहेर पैसा खर्च करता येत नाही. म्हणजे आधी आपल्या उद्देशपत्रात तशी तरतूद आहे का हे पाहावे लागेल, नसल्यास धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागेल, आणि जोखमीसाठी निराळा निधी राखावा लागेल. वसतिगृहातील एखादी खोली पंधरा दिवसांसाठी द्यावयाची तर तेथील मुलांच्या पालकांस काय सांगावयाचे, हेही ठरवावे लागेल. पुढील वार्षिक सभेपूर्वी ह्या बाबींवर सभासदांनी आपली मते चिटणीसांकडे लेखी पाठवावीत.